आत व्हिनेगर ओतलंय

५ फेब्रुवारी

सूनबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच बाजूला टाकलं नसशील, तर एवढं वाच. काम साधं आहे. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोटीवर पांढरा थर धरलाय. तू तिला व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवायचीस, ते मी पाहिलेलं आहे. पण फडकं ओलंगच्च ठेवायचं की पिळून? आणि किती वेळ? मी तासभर ठेवलं. थर जागचा हलला नाही, घरभर आंबट वास मात्र सुटला.

सासूबाईंना आता हे कुठून सुचलं, असं तुला वाटेल. डॉक्टरांनी जहाल औषधं बंद करायला सांगितलीत. छातीला सोसत नाहीत. त्यामुळे फिनेल, ब्लीच, ॲसिड, सगळ्या बाटल्या घराबाहेर गेल्या. सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या सफाईची मुख्य होते मी. अठ्ठावीस बायका हाताखाली, मोठमोठे डॉक्टरसुद्धा मला 'मोठ्या बाई' म्हणायचे. आणि आता मी खायच्या सोड्याचा डबा घेऊन बेसिनसमोर उभी असते. हसायला आलं तर हस.

मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून तू चिकटवलेली यादी अजून तिथेच आहे. सोडा करपलेल्या भांड्यांना आणि फ्रीजमधल्या वासाला. लिंबू-मीठ भाजी चिरायच्या फळीला. व्हिनेगर काचेला, नळाला, किटलीला. आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात, 'दगडाला व्हिनेगर नाही.' ही शेवटची ओळ मी उशिरा वाचली. ओट्याच्या दगडावर आता पंजाएवढा डाग पडलाय. तेवढ्या जागेची चकाकी गेली ती गेलीच.

फळी मात्र मस्त निघाली. मीठ भुरभुरवलं, अर्धं लिंबू उपडं धरून घासलं, दहा मिनिटं तशीच ठेवून धुतली. कांद्याचा वास गेला. एवढं मान्य करायला मला काही जड जात नाही.

भिंगरी कशी आहे? रविवारी तिचा बाप फोन तिच्या कानाला लावतो, पण ती नुसतं 'हो आजी', 'नाही आजी' करते. सहा वर्षांची होईल ना आता?

तोटीचं कळव.

सासू


२६ फेब्रुवारी

सूनबाई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तोटीचं माझं मीच शोधलं. फडकं अजिबात पिळायचं नाही, वरून पिशवी बांधायची म्हणजे ते सुकत नाही, आणि सकाळी बांधलं तर थेट जेवणानंतर सोडायचं. मग जुन्या टूथब्रशने जरा घासलं की थर पापुद्र्यासारखा सुटतो. हे तू मला एकदा सांगितलं होतंस. मी तेव्हा भांडी आपटत होते, म्हणून ऐकू आलं नाही.

आणखी एक गंमत. मला वाटलं, सोडा चांगला, व्हिनेगर चांगलं, तर दोन्ही एकत्र म्हणजे दुप्पट चांगलं. मोरीत दोन्ही ओतलं. काय तो फेस, काय ती फसफस! मी लढाई जिंकल्यासारखी कंबरेवर हात ठेवून उभी. फेस बसला आणि खाली मळ जसाच्या तसा. समोरची शिवणवाली आली होती, ती म्हणाली, "बाई, दोघांनी एकमेकांनाच खाल्लं की. तुमच्या मळाला कोण खाणार?" बरोबर बोलली. आता आधी सोड्याने घासते, धुते आणि मग लागलंच तर व्हिनेगर.

मी तुला काय काय बोलायचे, ते हल्ली भांडी घासताना एकेक करून आठवतं. 'फरशीला लोणचं घालतेस का?' 'आज संडासाला फोडणी कशाची?' तुझी आई आली असताना तिच्यादेखत म्हणाले होते, 'आमच्याकडे सफाई होत नाही, स्वयंपाक होतो.' तू हसून सोडून द्यायचीस. आई मात्र हसली नव्हती.

माझंही ऐक. वॉर्डात मी जे पाहिलंय, ते तू पाहिलेलं नाहीस. तिथे आज या खाटेवर एक आजारी, उद्या दुसरा. जमिनीवर काय सांडलंय, ते सांगायची सोय नाही. तिथे लिंबू घेऊन गेले असते, तर चार माणसं दगावली असती. तिथे जहालच लागतं. माझी चूक एवढीच की निवृत्त होऊन घरी आले, ते वॉर्ड डोक्यात घेऊनच आले. तीन खोल्यांचं घर, चार माणसं, त्यातली एक गुडघ्याएवढी. इथे कोण आजारी होतं? मीच बाटल्या ओतून-ओतून सगळ्यांना खोकायला लावत होते, आणि त्या वासाला 'स्वच्छ वास' म्हणत होते. स्वच्छतेला मुळात वास नसतो, हे वयाच्या पासष्टीत कळलं.

पत्र का लिहायला घेतलं, ते खरं सांगते. नवीन वर्ष लागल्यावर तुझ्या नवऱ्याने फोनवर सहज सांगितलं. मी म्हणाले, "तिची ती व्हिनेगरची बाटली कुठल्या दुकानातून आणायची ती?" तो म्हणाला, "आई, ती आता व्हिनेगर घरात आणू देत नाही. जेवणातसुद्धा नाही. लादी नुसत्या पाण्याने पुसते. भिंगरीला साधी उबळ आली तरी आधी स्वतःचे हात हुंगून बघते."

मी फोन ठेवला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि डॉक्टरांचं मी खोटं लिहिलं होतं. मला कुठल्याही डॉक्टरांनी काही बंद करायला सांगितलेलं नाही. बाटल्या मीच टाकल्या, भिंगरी हॉस्पिटलातून घरी आली त्याच दिवशी. तुम्ही हे घर सोडून तिकडे जायच्या कितीतरी आधी.

का टाकल्या, ते आज लिहायला बसले होते. जमत नाहीये.


९ मार्च

सूनबाई,

आज लिहिल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून बसलेय. मधेच थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग काय करायचं ते कर.

त्या दिवशी सकाळी तू कामाला जाताना संडासात व्हिनेगर ओतून गेलीस. भांड्यावरचे पिवळे डाग भिजायला. आणि दारावर चिठ्ठी लावलीस. हो, लावली होतीस. 'आत व्हिनेगर ओतलंय. दुसरं काही ओतू नका. संध्याकाळी मी घासते.' निळ्या शाईत. वर चिकटपट्टीचे दोन तुकडे.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "मी चिठ्ठी लावली होती, मी नक्की लावली होती." मी म्हणाले, "मला तर नाही बाई दिसली." तुझा नवरा म्हणाला, "घाईत विसरली असशील." तू आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलंस. त्यानंतर चिठ्ठीचं नाव तू कधी काढलं नाहीस. मला वाटतं, आपण लावलीच नव्हती असं हळूहळू तुलाही वाटायला लागलं असणार.

ती चिठ्ठी मी वाचली होती. वाचून राग आला. माझ्या घरात मला चिठ्ठ्या? मी अठ्ठावीस बायकांना काम शिकवलं आणि मला ही पोर सांगणार, काय ओता न् काय ओतू नका? चिठ्ठी ओढून काढली, गाऊनच्या खिशात कोंबली आणि ब्लीचची अर्धी बाटली ओतली. त्या आंबट वासावर. मुद्दाम. संध्याकाळी तू येशील तेव्हा भांडं पांढरंशुभ्र चकाकताना दिसावं आणि तुझं तोंड बंद व्हावं, एवढंच मनात होतं.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते पुढचं. नवीन बाई कामाला आली की पहिल्या दिवशी मी तिला एकच धडा द्यायचे. ब्लीच आणि ॲसिड एकत्र करायचं नाही. एका बादलीत नाही, एका भांड्यात नाही, एकामागोमाग एक तर मुळीच नाही. विषारी वायू होतो. तिच्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचे. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही बाईच्या हातून ही चूक झाली नाही. ती माझ्या हातून झाली. कारण व्हिनेगर म्हणजेसुद्धा ॲसिडच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खायची वस्तू ती. सॅलडवर घालायची. तिच्यात कसला आलाय जोर? तुझ्या कुठल्याच गोष्टीत जोर आहे असं मी कधी मानलं नव्हतं, तसंच हेही.

ओतलं, दार लोटलं आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले. भिंगरी चित्रं काढत होती. तिला शूला लागली असेल, ती आपली आपण आत गेली. शहाण्या मुलीसारखं दार लावून घेतलं. मला खोकला ऐकू आला. दार उघडलं तर माझ्याच डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती कोपऱ्यात बसलेली, ओठ वेगळेच दिसत होते. उचलून बाहेर आणली, खिडक्या उघडल्या, ओरडून शिवणवालीला बोलावलं.

शिवणवाली यायच्या आधी मधली दोन मिनिटं गेली. त्या दोन मिनिटांत पोरीला मांडीवर घेऊन बसायचं सोडून मी काय केलं, ते ऐक. मी आत जाऊन पाणी सोडलं. ब्लीचची बाटली कचऱ्याच्या पिशवीत खाली सारली, तिच्यावर भाजीची सालं टाकली. मग येऊन तिला उचललं.

हॉस्पिटल माझंच. सगळे ओळखीचे. तिला ऑक्सिजन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "बाई, नेमकं काय होतं आत?" मी म्हणाले, "व्हिनेगर. सून ओतून गेली होती." ते म्हणाले, "नुसत्या व्हिनेगरने एवढं होत नाही सहसा. ब्लीच वगैरे?" मी नाही म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या डॉक्टरांना म्हणाले, "मोठ्या बाई सांगतायत म्हणजे तसंच असणार." पोरीच्या तोंडावर मास्क होता, आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले. उपचार तेच होते म्हणून निभावलं. नसते तर?

भिंगरी चार वर्षांची होती. तिला कुणी काही विचारलंच नाही.

मग तू धावत आलीस, आणि सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "तुझ्या आंबट बाटल्यांनी पोरीचा जीव घेतला असता."

सूनबाई, तुझ्या हातून काहीही झालेलं नाही. तू ओतलंस त्याने माशीलाही काही झालं नसतं. चिठ्ठी तू लावली होतीस. तुझे हात हुंगू नकोस.

मी गप्प का राहिले, याला काही थोर कारण नाही. नावाची भीती. 'मोठ्या बाईं'नी पहिल्या दिवशीचा धडा चुकवला, हे लोकांना कळेल याची. पहिले दोन दिवस पोर वाचते का याची धास्ती होती. ती हसायला-खेळायला लागल्यावर वाटलं, आता कशाला? आणि नंतर प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवशीपेक्षा अवघड होत गेलं. तुम्ही बदली घेऊन गेलात तेव्हा, खरं सांगते, मला जरा सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून टाकते, राहायला नको.

तुझ्या नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं. येत्या रविवारी सांगणार.

माफी मागायची म्हणून कागदावर तो शब्द दोनदा लिहिला आणि खोडला. एवढ्याशा शब्दात ते मावेना.


२ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळींचं. वाचूनवाचून मला पाठ झालंय. तू लिहिलंस, 'पत्र तीनदा वाचलं. रडले नाही, राग आला. अजून येतोय. माफीचं आता काही बोलू नका. ज्यांना-ज्यांना तुम्ही ते खोटं सांगितलंत, त्या सगळ्यांना खरं तुम्हीच सांगा. माझ्या आईला फोनवर नको, समोर बसून.'

रास्त आहे. एका शब्दाचीही घासाघीस करणार नाही.

तुझ्या नवऱ्याला सांगितलं, ते तुला कळलंच असेल. तो मग एवढंच म्हणाला, "आई, ती दीड वर्ष माझ्याकडे 'तुझा माझ्यावर विश्वास नाही ना' म्हणून बघत होती. आणि खरंच नव्हता." त्यानंतर तीन रविवार फोन आलेला नाही. येऊ दे न येऊ दे. तो तुझ्याशी नीट बोलत असला म्हणजे झालं. नसेल बोलत, तर त्याला सांग की तुझ्या आईने सांगितलंय, आधी बायकोची माफी माग, मग माझ्यावर रुसून बस.

शिवणवालीला सांगितलं. ती मशीनवर होती. पाय थांबला तिचा. म्हणाली, "बाटली मी पाहिली होती. कचऱ्याची पिशवी मीच खाली नेली नव्हती का त्या दिवशी? तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहिली." दीड वर्ष ती माझ्याकडे चहा पीत होती आणि वाट पाहत होती. मला कुठे तोंड लपवावं कळेना. तिने वर पाहिलंच नाही, शिवण पुढे चालू केली. त्यानंतर ती आलेली नाही.

हॉस्पिटलातही जाऊन आले. त्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मला शंका होती. पण तुमच्यावर शंका घ्यायला जीभ रेटली नाही. ती चूक माझी." मग त्यांनी विचारलं, नवीन सफाईवाल्या बायकांना शिकवायला तुम्ही याल का, आणि हे झालेलं त्यांना जसंच्या तसं सांगाल का? मी जाते आता, दर मंगळवारी. पहिल्या दिवशी नऊ बायका होत्या. मी बाटल्या मांडल्या. ब्लीच, ॲसिड आणि त्यांच्या शेजारी स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. एक पोरगी हसली, म्हणाली, "बाई, हे तर खायचं." मी म्हणाले, "ऐक." आणि सगळं सांगितलं. नातीचंही. कुणी हसलं नाही मग.

उरल्या तुझ्या आई. बुधवारी निघतेय. बसने तीन तास.


११ एप्रिल

सूनबाई,

तुझ्या आईकडे जाऊन आले.

दारात मला पाहून त्या चकित झाल्या. तुमच्या लग्नानंतर मी त्यांच्याकडे कधी एकटी गेलेच नव्हते. "या विहीणबाई," म्हणाल्या, पण पाणी आणताना दोनदा वळून बघितलं, वाईट बातमी घेऊन आले की काय म्हणून. मी पाणी प्यायले नाही. म्हटलं, आधी बोलते, मग तुम्हाला वाटलं तर द्या.

सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, बाटलीचं, डॉक्टरांचं. काही गाळलं नाही. त्या खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होत्या. मांडीवर पदराचं टोक, त्याची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. मला वाटलं, आता उठतील आणि दार दाखवतील. त्यासाठीच गेले होते मी, तयारी ठेवून.

पण त्या माझ्यावर रागावल्याच नाहीत. एकदम डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "त्या दिवशी पोरीने मला हॉस्पिटलातून फोन केला होता. रडत होती. 'आई, मी चिठ्ठी लावली होती गं,' म्हणाली. आणि मी काय म्हणाले, माहीत आहे? मी म्हणाले, तू लहानपणापासूनच वेंधळी. कशाला करतेस असले उद्योग? सासूबाई शहाण्या आहेत, त्यांचं ऐकत जा."

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

त्या म्हणाल्या, "तुम्ही परक्या. तुम्ही नाही मानलंत, ते एक वेळ ठीक. मी तिची आई. मी एकदाही विचारलं नाही, चिठ्ठी कुठे लावली होतीस, काय लिहिलं होतंस? ती मला हल्ली फोन करते, पण बोलत काही नाही. मला वाटायचं, संसारात गुंतली."

मग त्यांनीच उठून मला पाणी दिलं. मी प्यायले. त्यांनी तुझ्या जुन्या टेबलाचा खण उघडला, कागद काढला, पेन काढलं. पेन चालेना, म्हणून माझं दिलं. चष्मा लावून बसल्या आणि पहिली ओळ काय लिहावी म्हणून मला विचारलं. म्हणाल्या, "तुम्हाला सवय झालीय." मी म्हणाले, "नाही हो, अजून नाही झाली. आधी लिहून टाका की तुझं बरोबर होतं. बाकीचं मग सुचतं."

मी शेवटच्या बसला निघाले तेव्हा त्या लिहीतच होत्या. दोन पानं झाली होती. दाराशी आल्या नाहीत, नुसता हात हलवला, मान वर न काढता.

दोन्ही पत्रं तुला एकाच दिवशी मिळतील बहुतेक. तुझ्या आईचं आधी उघड.

सासू